ते आकडे कोणी भरले? ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’वरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

इतकी सविस्तर आणि सडेतोड प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. तिची दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून सवडीने लिहितोय.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे थोडक्यात मांडतो. जपानी टेक्नो-पॉप म्हणजे बटण दाबायचं आणि यंत्राने वाजवायचं. वादकाचा हात नाही, म्हणून लयीत जीव नाही, हा पहिला. ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ (पुढे वायएमओ) हा जपानी टेक्नो-पॉपचा बँड म्हणजे जर्मनीच्या क्राफ्टवर्क या बँडची नक्कल, हा दुसरा. तिसरा असा की मी ‘तिघांची किमया’ म्हटलं, पण यंत्रं सांभाळणारा चौथा माणूस होता आणि त्याचं नाव लेखात कुठेच नाही. जाता जाता तुम्ही हेही विचारलंत की आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला याचं काय.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो. तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि पहिल्या आक्षेपाचं उत्तरही त्याच माणसाच्या कामात आहे.

त्यांचं नाव हिदेकी मात्सुताके. सिंथेसायझरवर पाश्चात्त्य अभिजात संगीत उभं करणाऱ्या इसाओ तोमिता यांच्या हाताखाली ते तयार झाले. हारुओमी होसोनो, युकिहिरो ताकाहाशी आणि रयुइची साकामोतो हे तिघे १९७८ मध्ये एकत्र आले तेव्हापासून यंत्रांची बाजू मात्सुताकेंकडे होती. मैफलींच्या चित्रफिती नीट पाहा: मागे कपाटाएवढा, वायरींच्या जाळ्याने भरलेला मोग सिंथेसायझर दिसतो आणि त्याच्यापाशी हेच उभे असतात. पोस्टरवर तिघेच. मीही पोस्टर पाहून लिहिल्यासारखं लिहिलं, ही चूक मान्य.

आता ‘बटण दाबलं की वाजतं’कडे वळू. मात्सुताकेंकडे रोलँड कंपनीचा एमसी-८ होता. १९७७ मध्ये आलेलं हे यंत्र, जपानमध्ये किंमत १२ लाख येन, मूळ कल्पना कॅनडाच्या राल्फ डाइक यांची. त्याला पियानोसारख्या पट्ट्या नाहीत. कॅल्क्युलेटरसारखी आकड्यांची बटणं आहेत. यंत्राला स्वतःचा आवाजही नाही. ते फक्त सिंथेसायझरला ‘कुठला स्वर, केव्हा, किती वेळ’ एवढं सांगतं. आणि हे सगळं त्याला आधी माणसाने सांगावं लागतं, एकेका स्वरासाठी तीन आकडे देऊन.

एक आवर्तन भरून पाहू, म्हणजे काम किती बारीक आहे ते कळेल. पहिला आकडा स्वराचा. सा ला २४ दिला तर कोमल रे २५, शुद्ध ग २८, वरचा सा ३६. एकेका श्रुतीचा नाही, अर्ध्या सुराचा हिशोब. दुसरा आकडा म्हणजे पुढचा स्वर किती वेळाने येणार. एका मात्रेचे किती भाग पाडायचे ते आपण ठरवायचं. समजा ४८ पाडले. मग अर्ध्या मात्रेचा स्वर २४, पाव मात्रेचा १२. तिसरा आकडा म्हणजे त्या वेळातला किती वेळ स्वर प्रत्यक्ष वाजत राहणार. २४ भागांपैकी ८ वाजवला तर स्वर टिचकी मारल्यासारखा सुटा पडतो. २२ दिला तर पुढच्या स्वराला जवळजवळ चिकटतो. सूर तेच, वेग तोच, पण चाल बदलते. पेटीवाला बोट पट्टीवर किती वेळ ठेवायचं हे विचार न करता ठरवतो. इथे ते प्रत्येक स्वराला वेगळं ठरवून लिहायचं. चार मात्रांचं आवर्तन, त्यात पाव मात्रेचे सोळा स्वर, प्रत्येकी तीन आकडे, म्हणजे एका ओळीचे ४८ आकडे. बेसची ओळ, मुख्य धून, वर टपटपणारी नक्षी आणि आणखी एक साथीची ओळ अशा चार ओळी धरल्या तर एका आवर्तनाला जवळपास दोनशे आकडे झाले.

आणि लय? तुमचा खरा आक्षेप तिथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो. अर्ध्या मात्रेचे दोन स्वर २४ आणि २४ दिले तर ठेका सरळ चालतो, कवायतीसारखा. ३२ आणि १६ दिले तर पूर्ण झुलतो. या दोहोंच्या मधे २६-२२, २८-२०, ३०-१८ अशा किती तरी चाली आहेत आणि प्रत्येकीचा झोल वेगळा. आपला भजनी ठेका कागदावर सरळ मात्रांत लिहून तसाच वाजवला तर तो भजनी वाटत नाही, हे तबल्याला हात लावलेल्या कुणालाही विचारा. तो कुठे रेंगाळतो, हे हाताला ठाऊक असतं, तोंडाने सांगता येत नाही. वायएमओच्या खोलीत ते सांगावंच लागत होतं. ‘अजून थोडं मागे’ एवढ्यावर भागत नव्हतं; किती मागे, एक भाग की दोन, हे ठरवून बटणाने भरायचं, ऐकायचं, पुसायचं, पुन्हा भरायचं. लय नावाची गोष्ट इतक्या जवळून पाहणाऱ्या माणसांना लयीची जाण नाही असं मला म्हणवत नाही.

यात चुका कशा होतात तेही पाहण्यासारखं आहे. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या प्रकारच्या आकड्यांची बेरीज १९२ यायलाच हवी. कुठे २४ ऐवजी ४२ पडले तर त्या ओळीतला पुढचा प्रत्येक स्वर १८ भागांनी मागे पडतो आणि शेवटपर्यंत मागेच राहतो. मात्रा अर्ध्या सेकंदाची असेल तर ही चूक सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढीही नाही, पण कानाला लगेच खुपते. बाकीच्या ओळी बरोबर असतात, त्यामुळे दोष नेमका कुठल्या ओळीत, कुठल्या स्वरावर, हे शोधायला आवर्तनागणिक बेरीज तपासण्यावाचून इलाज नाही. वीज गेली की यंत्राची स्मृती कोरी. म्हणून सगळं कॅसेटवर साठवायचं आणि मैफलीत कॅसेटवरून परत भरायचं. ते भरायला वेळ लागतो, त्यामुळे दोन गाण्यांच्या मधल्या वेळेचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. त्यात मोगसारखी जुनी अ‍ॅनालॉग वाद्यं तापमानाबरोबर सुरातून सरकतात. रंगमंचावरचे दिवे तापले की आकडे बरोबर असूनही सूर चढा किंवा उतरा लागतो. मग तंबोऱ्यासारखं पुन्हा लावायचं.

आता ताकाहाशींच्या ड्रमकडे या. सुरुवातीच्या अल्बममध्ये आणि मैफलींत ड्रम हाताने वाजवलेले आहेत. एमसी-८ कडून निघणारी टिकटिक हेडफोनमधून कानात, आणि तिच्यावर वादन. मंचावर सगळ्यांच्या कानावर हेडफोन दिसतात, ते दिखाव्यासाठी नाहीत.

हे समजायला आपल्याकडे चपखल दाखला आहे: तबल्याच्या स्वतंत्र वादनाचा लेहरा. पेटीवर तीच ओळ फिरत राहते, आणि ती स्थिर आहे म्हणूनच तबलजीला कायदा, रेला, तिहाई घेऊन समेवर येण्यात मजा आहे. लेहरा फिरतच राहतो म्हणून तबला निर्जीव, असं कुणी म्हणत नाही. फरक एकच, आणि तो ड्रमरच्या दृष्टीने अवघड आहे. पेटीवाला तबलजीकडे पाहून केसभर सांभाळून घेतो. यंत्र घेत नाही. ड्रमर एक मात्रा चुकला तर त्यानेच परत यायचं. यंत्र थांबणार नाही, वळून पाहणारही नाही. अशा साथीवर स्नेअरचा (ड्रमसंचातल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) फटका किंचित मागे ठेवून ठेक्याला वजन आणणं हे ताकाहाशींचं कसब. ‘रायडीन’ (१९७९, ‘सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर’ अल्बम) दोनदा ऐका. एकदा फक्त घोड्याच्या टापांसारख्या दौडत्या आवाजाकडे लक्ष ठेवा, तो यंत्राचा. दुसऱ्यांदा फक्त ड्रमकडे. रायदेन तामेएमोन नावाच्या सुमो पैलवानावरून या धुनेला नाव मिळालं, आणि ड्रममध्ये तेवढा जोर आहे.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. त्यातून खालचे सूर येतच नाहीत; होसोनोंचा बेस पूर्ण गायब होतो आणि वरची टपटप उरते. तेवढंच ऐकून हे संगीत कोरडं वाटलं तर नवल नाही.

तुमच्या आक्षेपाला खरं वजन येतं ते १९८१ च्या ‘बीजीएम’ अल्बमपासून, हेही सांगायला हवं. तिथे ड्रमही बऱ्याच ठिकाणी यंत्राकडे गेले. रोलँडचा टीआर-८०८ त्याच्या आदल्या वर्षी आला होता आणि वायएमओने तो फार लवकर उचलला. सोळा बटणांची रांग, जिथे ठोका हवा ते बटण चालू. आवाज कुणा ड्रमचा टेप केलेला नाही, विजेच्या मंडलातून जागच्या जागी तयार होणारा. त्यातल्या ‘१००० नाइव्हज’मधली टाळी ऐका, कुठल्याच माणसाच्या हाताची ती वाटत नाही आणि वाटावी असा प्रयत्नही नाही. हा अल्बम थंड आहे, मान्य. माझ्या मते तोच त्यांचा सर्वांत चांगला. कारण त्या थंडपणातही आवाजाची काळजी कमालीची आहे: मुद्रण नव्या डिजिटल टेपवर होत होतं, होसोनोंना त्यावरचा ड्रमचा आवाज रुचला नाही, म्हणून ठोके आधी आठ ट्रॅकच्या साध्या अ‍ॅनालॉग टेपवर घेतले आणि तिथून डिजिटलवर नेले. अ‍ॅनालॉग टेप जोरात भरली की फटक्याची धार बोथट होते आणि अंग भरतं. यंत्राच्या ठोक्यासाठी इतकी यातायात करणारा माणूस ‘बटण दाबून’ मोकळा होणारा नव्हे. त्याच वर्षीच्या ‘टेक्नोडेलिक’साठी तर त्यांनी एलएमडी-६४९ नावाचा खास बनवून घेतलेला सॅम्पलर (आवाज टेप करून तोच हवा तेव्हा वाजवणारं यंत्र) वापरला. तेव्हा असं यंत्र दुकानात सहज मिळत नव्हतं.

नक्कल म्हणता, त्यात थोडं तथ्य आहे. क्राफ्टवर्कचा प्रभाव त्यांनी कधी लपवला नाही. ‘टेक्नो-पॉप’ हा शब्दही समीक्षक युझुरू आगी यांनी १९७८ मध्ये क्राफ्टवर्कबद्दल लिहिताना वापरला होता. पण वायएमओची पहिली कल्पना पाहा. अमेरिकेच्या मार्टिन डेनी यांनी १९५९ मध्ये ‘फायरक्रॅकर’ वाजवलं. पाश्चात्त्यांच्या मनातला काल्पनिक पूर्वदेश, घंटा आणि पक्ष्यांच्या आवाजांसकट. होसोनोंनी ठरवलं की तीच धून आपण, म्हणजे खऱ्या पूर्वेकडच्यांनी, सिंथेसायझर आणि डिस्कोच्या ठेक्यावर वाजवायची आणि जगभर विकायची. पाश्चात्त्यांनी रंगवलेलं आपलं चित्र यंत्रातून काढून त्यांनाच परत दाखवणं, हे क्राफ्टवर्कच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. शिवाय घडण वेगळी. होसोनो जपानी रॉकमधल्या ‘हॅपी एंड’चे बेसवादक, नंतर स्टुडिओत भरपूर वाजवलेले. ताकाहाशी ‘सॅडिस्टिक मिका बँड’बरोबर १९७५ मध्ये रॉक्सी म्युझिक या ब्रिटिश बँडच्या ब्रिटन दौऱ्यात वाजवून आलेले. साकामोतो तोक्योच्या कला विद्यापीठातून रचनाशास्त्र शिकलेले. पहिल्या अल्बमवरचे व्हिडिओ गेमचे आवाज गेमच्या यंत्रातून घेतलेले नाहीत, सिंथेसायझरवर घडवलेले आहेत. त्यातलं ‘कॉम्प्युटर गेम’ १९८० मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १७ व्या क्रमांकावर गेलं. आणि साकामोतोंनी घड्याळाच्या जाहिरातीसाठी केलेली धून ‘बिहाइंड द मास्क’ झाली, जी पुढे मायकेल जॅक्सन आणि एरिक क्लॅप्टन दोघांनीही गायली. नक्कल करणाऱ्यांकडून कुणी असं उचलत नाही.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला याचं काय, याची दोन उत्तरं. होसोनो चित्रकार तादानोरी योकोओ यांच्यासोबत भारतात येऊन गेले आणि त्यातून वायएमओच्या पहिल्या अल्बमच्या थोडं आधी, १९७८ मध्येच, ‘कोचीन मून’ हा सिंथेसायझरचा अल्बम निघाला. त्यातल्या एका तुकड्याचं नाव ‘हम घर साजन’ आहे. दुसरं उत्तर मुंबईत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं वाजवलेले चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडचीच तीन यंत्रं, टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. टीबी-३०३ मध्येही स्वर वेगळे आणि त्यांची लांबी वेगळी, अशा दोन फेऱ्यांत भरावं लागतं. भैरव त्या यंत्रात उतरवताना त्यांनीही मात्सुताकेंसारखेच ‘सा नंतर काय, किती वेळ’ असे प्रश्न सोडवले असणार.

ऐकताना एक काळजी घ्या. पहिला अल्बम दोन रूपांत मिळतो. जपानी मूळ रूपात शेवटी ‘अ‍ॅक्रोबॅट’ आहे. अमेरिकेसाठी अल श्मिट यांनी पुन्हा मिश्रण केलेल्या रूपात ते नाही, आणि ‘तोंग पू’मध्ये मिनाको योशिदा यांचा आवाज ऐकू येतो. तुलना करायची तर दोन्ही ऐका. अमेरिकी मिश्रणात ठेका जास्त पुढे आहे. मैफलींसाठी ‘पब्लिक प्रेशर’ (१९८०) घेतलंत तर त्यात काझुमी वातानाबे यांची गिटार नाही, हे ध्यानात ठेवा. वातानाबेंच्या रेकॉर्ड कंपनीची परवानगी मिळाली नाही, म्हणून ती काढून साकामोतोंनी तिथे सिंथेसायझर भरला. गिटारसकट ऐकायचं असेल तर १९९१ मध्ये निघालेलं ‘फेकर होलिक’ शोधा. हे दोन्ही शेजारी ठेवून ऐकलेत तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या आकडेमोडीपेक्षा लवकर मिळेल: एमसी-८ च्या ओळी दोन्हीकडे त्याच आहेत, आणि तरी गाणी वेगळी झाली आहेत.

मूळ लेखातलं ‘तिघांची किमया’ आज खोडलं आहे. तिथे आता चार नावं आहेत, आणि मात्सुताकेंच्या कामाचा परिच्छेद वेगळा जोडला आहे.