"तुमच्याकडे लोक शिस्तीचे"

दिवाळीत मेलबर्नहून नाशिकला गेले होते. इंदिरानगरच्या घरी काका-काकू फराळाला आले आणि बोलता बोलता कोरोनातल्या लॉकडाऊनचा विषय निघाला. काका म्हणाले, "अगं, तुमच्याकडे लोक शिस्तीचे, म्हणून निभावलं. आपल्या माणसाला दंडुकाच लागतो." आईनंही मान डोलावली. मी गप्प बसले, पण मेलबर्नला परतले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

इथलं दुसरं लॉकडाऊन २०२० च्या जुलैपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, ११२ दिवस चाललं. त्यातले कित्येक आठवडे घरापासून पाच किलोमीटरची हद्द, रात्री आठनंतर संचारबंदी आणि फिरायला दिवसाकाठी एक तास. मी सगळं पाळलं. नकाशावर घराभोवती वर्तुळ काढून भिंतीला लावलं होतं. पण माझं काम लॅपटॉपवर होतं, पगार वेळेवर खात्यात पडत होता आणि भांडणापुरती तरी वेगळी खोली घरात होती. याला शिस्त कसं म्हणू?

त्याच जुलैत इथल्या राज्य सरकारच्या लक्षात आलं, की चाचणीत बाधित निघालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक निकाल येईपर्यंत घरी थांबलेच नव्हते. अनेकांची कामं तासावारी होती, आजारपणाची भरपगारी रजा नाही, एक पाळी बुडली की घरभाड्याला खड्डा. दंड होता, पोलीस होते. तरी सरकारनं अशा माणसांना निकालाची वाट बघत घरी बसायचे ३०० डॉलर द्यायला सुरुवात केली. मला हे काकांना सांगायचं होतं. शिस्तीच्या देशातही पोटाची काळजी सुटलेली नव्हती. फरक एवढाच, की कुणीतरी ते ओळखून पैसे मोजले.

आणि नाशिकला? २४ मार्चच्या रात्री आठला घोषणा, बाराला देश बंद. चार तास. मुंबई-आग्रा रस्ता आमच्या घरापासून फार लांब नाही. त्या उन्हाळ्यात आई रोज फोनवर तेच सांगायची: कसारा घाट चढून आलेली माणसं, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, निघालीत मध्य प्रदेशाकडे, उत्तर प्रदेशाकडे. नाशिकरोडहून भोपाळला श्रमिकांची पहिली गाडी सुटली ती १ मेच्या रात्री, म्हणजे पाच आठवड्यांनंतर. तोवर त्यांनी कुठल्या घरात बसून शिस्त दाखवायची होती?

काकांचं पेन्शन तेव्हाही महिन्याच्या महिन्याला येत होतं. हे हिणवून म्हणत नाही, माझंही तसंच होतं. मार्च २०२१ मध्ये नाशिकच्या बाजारात शिरायला तासाभराची पाच रुपयांची पावती निघाली, जास्त रेंगाळलं तर ५०० दंड. काकांना त्याचं फार कौतुक. मला मात्र दिसत होती ती भाव पडायची वाट बघत मेथीच्या जुड्या उलटसुलट करणारी बाई. तिची घासाघीस तासात बसते का?

दंडुका इथेही निघाला, हे लपवणार नाही. ४ जुलै २०२० ला मेलबर्नमधल्या सरकारी घरांच्या नऊ उंच इमारती पूर्वसूचनेशिवाय बंद झाल्या. सुमारे तीन हजार माणसं आत, त्यातली बरीच स्थलांतरित, आणि दाराशी पोलीस. डिसेंबरात राज्याच्या लोकपालांनी असं पूर्वसूचनेशिवाय तडकाफडकी कोंडणं मानवी हक्कांच्या विरुद्ध ठरवलं. आमच्या टुमदार गल्लीत असा पहारा कधीच बसला नाही. म्हणून "तुमच्याकडे" म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, नेमकं कुणाकडे?

गेल्या रविवारी हे सगळं आईला सांगितलं. त्या उन्हाळ्यात ती आणि शेजारच्या बायका पोळ्या लाटून नाक्यावर त्या चालत जाणाऱ्यांना नेऊन द्यायच्या. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एका बाईनं पोळ्या घेतल्या आणि विचारलं, पुढं पाणी कुठं मिळेल? मला सांगता आलं नाही गं. ओझरपलीकडं मी कधी पायी गेलेच नव्हते."