५२ पैकी ५१

सहा महिने झाले, तो आकडा डोळ्यासमोरून हलत नाही. ५२ पैकी ५१. व्हिडिओ गेममध्ये ठरलेली कामगिरी केली की नावावर जी खूण लागते, तिला अचिव्हमेंट म्हणतात. त्या राहिलेल्या एका अचिव्हमेंटवर क्लिक केलं की खाली पट्टी दिसते: ३,००० पैकी २,७१४. ही पट्टी आता कधीच पुढे सरकणार नाही. मी कितीही चांगला खेळलो, कितीही जागलो, तरी नाही.

गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका उजाड चंद्रावरची खाणकामगारांची वसाहत, भिंती फोडून येणारे किडे, हातात प्लाझ्मा रायफल, एवढं सांगितलं तरी खेळणाऱ्यांना अंदाज येईल. कथा उत्तम. बंदुकांचा आवाज असा की हेडफोन काढावासा वाटत नाही. सगळ्यात अवघड लेव्हलवर शेवटच्या राणीला मारायला मला १९ दिवस लागले, ते अचिव्हमेंट मी मिळवलं. एकदाही न मरता तिसरा अध्याय पूर्ण करायचा होता, तोही केला. नुसत्या पिस्तुलावर रिअॅक्टरची लढाई जिंकायची होती, तीही जिंकली. प्रत्येक वेळी हरलो तेव्हा मला कळत होतं का हरलो. डावीकडे लक्ष नव्हतं, गोळ्या भरायला चुकीच्या वेळी थांबलो, ग्रेनेड घाईत टाकला. चूक माझी, सुधारायची मी. अचिव्हमेंट म्हणजे हेच ना?

आणि मग तो बावन्नावा. रँक्ड, म्हणजे क्रमवारीसाठी मोजल्या जाणाऱ्या, ऑनलाइन सामन्यांत जखमी साथीदाराला ३,००० वेळा उठवा.

तीन हजार वेळा! यात कौशल्य कुठलं? पडलेल्या माणसाजवळ जायचं, बटण चार सेकंद दाबून धरायचं, परत पुढच्याकडे जायचं. याला आपल्याकडे पाट्या टाकणं म्हणतात. आणि पाट्या टाकायलासुद्धा माझी ना नव्हती. पण त्यासाठी सामना मिळायला हवा. चार विरुद्ध चार, म्हणजे माझ्याखेरीज सात माणसं त्याच वेळी, त्याच मोडमध्ये, त्याच भागात ऑनलाइन असायला हवीत. इथून रात्री नऊ वाजता लॉबीत, म्हणजे सामन्याआधीच्या वेटिंग रूममध्ये, बसलो तर ते गोल चाक वीस-वीस मिनिटं फिरत राहायचं. मिळालाच सामना तर सर्व्हर सिंगापूरचा, नाहीतर थेट युरोपातला. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, १८०, २१०, एकदा ३४०. पडलेला साथीदार मला स्क्रीनवर समोर दिसतोय, मी बटण दाबून धरलंय, वर्तुळ पूर्ण भरत आलंय, आणि सर्व्हरच्या हिशोबाने तो माणूस दोन सेकंदांपूर्वीच मेलेला. वर्तुळ गायब. मोजणी शून्य. तळपायाची आग मस्तकात जाते अशा वेळी, आणि ओरडायचं कुणावर?

हे दुखणं जुनं आहे, आणि म्हणूनच जास्त राग येतो. २००५ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स ३६० आला, त्याच्याबरोबर अचिव्हमेंट आले. २००८ मध्ये प्लेस्टेशनने ट्रॉफी आणल्या, सगळ्या मिळवल्या की वर प्लॅटिनम. कल्पना फार सुंदर होती. आवडलेला गेम नीट, मुळापासून खेळल्याची खूण. पण एक्सबॉक्स ३६० नंतर लगेच पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, गिअर्स ऑफ वॉर आला आणि त्यात 'सीरियसली' नावाचं अचिव्हमेंट होतं. काय करायचं? रँक्ड सामन्यांत १०,००० जणांना मारायचं. एका सामन्यात दहा मारले असं धरलं तरी हजार सामने. त्याचा पुढचा भाग आला २००८ मध्ये, तेव्हा आकडा झाला १,००,०००. निदान तिथे कुठल्याही मोडमधले शत्रू चालायचे, एकट्याने बसून करता यायचं. पण विचार तोच. अवघड काही सुचत नाही, मग शून्य वाढवा.

हेलो ३ आणि हेलो ३: ओडीएसटी या गेम्समधली विडमास्टर नावाची आव्हानं आठवतात का? त्यातली काही मला मनापासून आवडायची. ओडीएसटीमध्ये महामार्गाची मोहीम सगळ्यात अवघड लेव्हलवर, चौघांनी मिळून, वॉरहॉग जीप नाही, स्कॉर्पियन रणगाडा नाही. हे खरं आव्हान. चौघं एकमेकांवर ओरडत, एकमेकांना सांभाळत पुढे जाणार. सगळी पूर्ण केली की रेकॉन चिलखत मिळायचं, ते अंगावर असलेला माणूस दिसला की लोक मान द्यायचे. पण त्याच यादीत एक असं होतं की ते फक्त महिन्याच्या ७ तारखेला मिळायचं, आणि तेही मॅचमेकिंगमधून, म्हणजे सर्व्हरने जुळवून दिलेल्या ऑनलाइन सामन्यातून. जानेवारी २०२२ मध्ये त्या जुन्या हेलोंचे एक्सबॉक्स ३६० वरचे सर्व्हर बंद झाले. ७ तारीख अजून दर महिन्याला येते. आज कुणी पोरगं ती जुनी डिस्क हौसेने घेऊन बसलं, तर त्याच्या यादीत ती ओळ तशीच काळी राहणार. त्याचा दोष काय, तर जन्म उशिरा झाला?

अवघड गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही, हे कृपा करून समजून घ्या. डेड स्पेस २ चा हार्डकोर मोड मी पूर्ण केलाय. २०११ चा गेम. त्या मोडमध्ये अख्ख्या गेमभर फक्त तीनदा सेव्ह करता येतं. चेकपॉइंट, म्हणजे मधले आपोआप सेव्ह होणारे टप्पे, नाहीत. मेलात की मागच्या सेव्हपासून, मग त्याला तीन तास झालेले असोत नाहीतर चार. शेवटाकडे एक यंत्र येतं. गेमचा नायक आयझॅक क्लार्क त्यात पाठीवर झोपतो, आणि वरून एक लांब सुई त्याच्या डोळ्याकडे खाली यायला लागते. डोळा भीतीने इकडेतिकडे फिरतोय. आपण ती सुई बुबुळाच्या बरोबर मध्यावर ठेवत सावकाश खाली न्यायची. जरा घाई केली, जरा सरकली, की ते मोठं यंत्र तोंडावर आदळतं आणि संपलं. साध्या मोडमध्ये क्षणात परत करता येतं. हार्डकोरमध्ये तो एक चुकीचा धक्का म्हणजे अख्खी संध्याकाळ पाण्यात. माझे तळवे घामाने इतके भिजले होते की कंट्रोलर टॉवेलने पुसून परत धरला. श्वास रोखून ती सुई खाली नेली आणि ती बसली. त्यानंतर मी पाच मिनिटं नुसता बसून होतो.

त्याआधी एकदा तिसरा सेव्ह करायच्या जरा अगोदर लाईट गेली होती. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि दिवे. अडीच तासांचं खेळणं गेलं. तरी मी त्या गेमला एक शिवी दिली नाही, कारण गेमने मला फसवलं नव्हतं. नियम पहिल्या मिनिटापासून समोर होते. वुल्फेनस्टाईन २ मध्ये तर एकच जीव आणि एकही सेव्ह नाही असा मोड आहे. तो मला अजून जमलेला नाही, कदाचित कधीच जमणार नाही, आणि ज्याला जमलाय त्याच्यासमोर मी हात जोडतो. तो दरवाजा आजही उघडा आहे. मी कमी पडलो तर कमी पडलो.

इथे मी कमी पडलो नाही. इथे दरवाजाच काढून नेला.

गेल्या वर्षी कंपनीने चार ओळींचं निवेदन टाकलं. अमुक तारखेपासून ऑनलाइन सेवा बंद, नव्वद दिवस शिल्लक. माझी मोजणी तेव्हा १,९६० वर होती. १,०४० बाकी. एका सामन्यात चार-पाच जण उठवता यायचे, म्हणजे साधारण २३० सामने. म्हटलं, होईल. ऑफिसमधून आलो, जेवलो, की बसायचो. पण नव्वद दिवसांत गेम बंद होणार म्हटल्यावर लोक खेळायचे थांबले, आणि लोक थांबले म्हणून सामने मिळेनात. रोज रात्री दोन, फार तर तीन. आई पाणी प्यायला उठायची आणि दारातून म्हणायची, "अरे, दोन वाजले, झोप की आता." काय उत्तर देणार? बाहेर वॉचमनची काठी वाजतेय, स्क्रीनवर 'खेळाडू शोधत आहे', आणि मी त्या गोल चाकाकडे बघत बसलोय.

शेवटच्या आठवड्यात नांदेडचा माझा मित्र, त्याचा मावसभाऊ आणि पुण्यातला ऑफिसचा एक जण, असे आम्ही चौघं जमलो. ठरवून खेळू, एकमेकांना पाडू, उठवू. याला बूस्टिंग म्हणतात आणि मला ते आजही पटत नाही. कंट्रोलरच्या काडीला रबर बँड लावून रात्रभर कन्सोल चालू ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण इतक्या टोकाला आणलं कुणी? अचिव्हमेंट असं लिहिलं की प्रामाणिक माणसाला ते मिळूच नये, मग माणूस आडमार्ग शोधणार नाही तर काय करेल? आणि आम्ही चौघं जमूनही चार कमीच. समोरचा संघ कुठून आणायचा? एका रात्री दीड तास लॉबीत बसून एक सामना मिळाला, त्यात समोरच्यांपैकी दोघं पहिल्याच मिनिटाला निघून गेले आणि सामना रद्द. रद्द सामन्यातले उठवलेले मोजत नाहीत.

२,७१४ वर सर्व्हर गेला.

मी कंपनीला पत्र लिहिलं. नीट, सभ्य भाषेत. सर्व्हर बंद करा, तुमचा खर्च तुम्हाला परवडत नसेल, मान्य. पण एक छोटा अपडेट द्या. बॉट्सबरोबर, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो त्या खेळाडूंबरोबर, ऑफलाइन खेळलेलं मोजा. किंवा अट खाली आणा. किंवा ते अचिव्हमेंट यादीतून काढून टाका, निदान नव्या माणसाला कळू तरी दे. उत्तर आलं, 'गेमवरील आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.' प्रेमाबद्दल! चार वर्षं त्यांच्या गेमवर घातलेल्या माणसाच्या तोंडाला अशी पानं पुसली.

आणि कळस म्हणजे तो गेम अजून विकायला आहे. दिवाळीच्या सेलमध्ये पंचाहत्तर टक्के सवलतीत होता. स्टोअरच्या पानावर आजही लिहिलेलं आहे, ५२ अचिव्हमेंट. कुणीतरी पहिल्या पगारातून घेईल, मनापासून खेळेल, आणि पन्नास-साठ तास घातल्यावर त्याला कळेल की यादी कधीच पूर्ण होणार नव्हती. बावन्न लिहून एक्कावन्न विकणं याला काय म्हणतात? किराणावाल्याने असं वजनात मारलं असतं तर आपण गप्प बसलो असतो का?

यावर ऑफिसमधला एक जण म्हणाला, "गेमच आहे रे, सोड ना." हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय आणि दरवेळी डोकं फिरतं. माझा मामा गेली पंचवीस वर्षं किल्ले मोजतोय. त्याच्याकडे वही आहे, प्रत्येक किल्ल्यापुढे तारीख आणि सोबत कोण होतं ते. लिंगाण्याला तो दोनदा अर्ध्यातून परतला, तिसऱ्यांदा दोर लावून वर गेला. त्याला कुणी म्हणत नाही की डोंगरच आहे, सोड. लिंगाणा अवघड आहे म्हणून मामाने कधी कुरकुर केली नाही. पण उद्या पायथ्याला पाटी लावली की वर जायचं तर सात अनोळखी माणसं गोळा करून आणा, आणि मार्चनंतर वाट बंद, तर मामा काय बोलेल ते इथे लिहिता येणार नाही. त्याची वही जशी त्याची, तशी माझी यादी माझी. हौस डोंगराची असो की स्क्रीनवरची, तिच्यात घातलेल्या रात्री तेवढ्याच खऱ्या असतात.

गेम बनवणाऱ्यांना एवढंही कळत नसेल असं मला वाटत नाही. रँक्ड मोड रिकामा पडू नये म्हणून हे आकडे लावलेले असतात. आम्ही यादी पूर्ण करणारी माणसं हटवादी असतो, हे त्यांना पक्कं माहीत आहे. आम्ही येणार, लॉबी भरणार, नव्या खेळाडूंना सामने मिळणार. म्हणजे आम्ही त्यांच्या गेमचे बिनपगारी हमाल. आणि काम झालं की दिवे मालवून निघून जायचं.

परवा नांदेडच्या मित्राचा फोन आला. नवीन स्पेस शूटर येतोय, चौघांनी एकाच बाजूने खेळायचा को-ऑप आहे, ट्रेलर कडक आहे, आतापासून घेऊन ठेवायचा का? मी म्हटलं, आधी अचिव्हमेंटची यादी पाठव. रात्री त्याने पाठवली. ओळ न् ओळ वाचली. सात ऑनलाइनची निघाली, त्यातलं एक १,००० रँक्ड विजयांचं.

मी त्याला नाही म्हणून कळवलं.