टी-शर्ट नकोत, आधी सिस्टरांना बोलू द्या

पावसाळा लागला की पुण्यातल्या ऑफिसांना टीम बिल्डिंगची हुक्की येते. मुळशीचं रिसॉर्ट, एकसारखे टी-शर्ट, रस्सीखेच. हे लोण आता हॉस्पिटलांतही पोचलंय. मी मेडिकल सोशल वर्कर. जायला माझी ना नाही, भजी झकास असतात. पण सोमवारी डिस्चार्जच्या मीटिंगला सिस्टर पुन्हा दाराशीच उभ्या राहणार असतील, तर त्या टी-शर्टांनी साधलं काय?

एका हॉस्पिटलमधली गोष्ट सांगते. पॅरॅलिसिसचा झटका आलेले आजोबा. मोठे डॉक्टर आल्या आल्या म्हणाले, "स्टेबल आहेत, उद्या सोडू." झालं! आता कोण कशाला तोंड उघडतंय? फिजिओ म्हणाली, वॉकरवर चालतात. तेही खरंच. पण आजोबा राहतात कसब्यातल्या जुन्या वाड्यात, वरच्या मजल्यावर, आणि लाकडी जिना इतका अरुंद की त्यावर वॉकर टेकणारच नाही. आजींना नळीतून फीड द्यायला अजून जमत नव्हतं. हे दोन्ही वॉर्डातल्या मावशींना माहीत होतं, सिस्टरांनाही. मला कळलं ते मीटिंगनंतर, लिफ्टपाशी. आत का नाही बोललात? "सरांचं ठरलंच होतं ना, मॅडम."

याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. डॉक्टर स्कॅन बघतात, सिस्टर पेशंटची रात्र बघतात, मी धर्मादाय खाटेसाठी उत्पन्नाचा दाखला बघते. जो तो आपापल्या पेशाचा. एकाच पेशंटबद्दल बोलतोय, हे कुणी कुणाला जाणवूच देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. त्यात चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. दिल्लीसह ८ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय नाव सांगण्याला देणं भाबडेपणाच. पण एकदा तोंड उघडलेला माणूस दुसऱ्यांदा सहज बोलतो, हे कुठल्याही मीटिंगला दिसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांत शेवटी बोलावं. आधी सिस्टर, मग फिजिओ, डाएटिशियन, आम्ही. आणि ठरलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे केसपेपरवर एक नाव. "बघून घेऊ" हे कुणाचंच नाव नसतं.

वेळ नाही म्हणाल. मग दुपारी ड्युटी बदलते तेव्हा वीस मिनिटं बसा. दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर तेव्हा वॉर्डातच असतात.