खापर कुणाच्या माथी, ठपका कुणावर

'चौकशी समितीने ठेकेदारावर खापर फोडले.' महेशनं बातमीतली ही ओळ वाचली आणि मीनाक्षीनं त्याला तिथंच थांबवलं. "इथे 'ठपका ठेवला' हवं."

"अगं, अर्थ एकच ना?"

"एक कसा? खापर फोडलं म्हटलं की चूक दुसऱ्याची होती आणि ती याच्या माथी आली, असा अर्थ निघतो. म्हणजे बातमी लिहिणाऱ्यानं एका शब्दात समितीला अन्यायी ठरवलं. ठपका अधिकार असलेला माणूस ठेवतो, तपासणी करून. तो बरोबर की चूक, हे त्या शब्दात नसतं."

विनायकनं खापराचं मूळ काढलं. संस्कृतातला कर्पर किंवा खर्पर, त्यावरून खापर. म्हणजे मातीच्या भांड्याचा तुकडा. फोडायची जागाही ठरलेली, माथा नाहीतर डोकं. "आणि ज्याच्या डोक्यावर ते फुटतं, त्यानं भांडं आणलेलंच नसतं. शब्दाचा सगळा जोर तिथं आहे."

"मग आळ?" महेशनं विचारलं.

"आळ एक तर खोटा, नाहीतर सिद्ध न झालेला. स्यमंतक मण्याच्या चोरीचा श्रीकृष्णावर आळ आला, असंच आपण म्हणतो. आणखी एक कसोटी बघ. 'आरोप सिद्ध झाला' म्हणता येतं, 'आळ सिद्ध झाला' कानाला खटकतं. सिद्ध झाला की तो आळ राहतच नाही."

आरोपाचं तसं नाही. त्यात रुह् धातू आहे. आरोहण, रोपण त्याच घरातले. आरोप म्हणजे वर चढवणं, एकावर दुसरं ठेवणं. दोरीवर साप भासतो, त्याला वेदान्तात अध्यारोप म्हणतात. दोरी साप नसते, पण माणसावर ठेवलेला आरोप खरा निघू शकतो. व्यवहारातल्या आरोपानं दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या, म्हणून कोर्टाला तो चालतो.

प्रत्ययही बघायला हवेत, विनायक म्हणाला. दोष कुणाला देतात, बोल कुणाला लावतात, पण ठपका कुणावर ठेवतात आणि आळ कुणावर घेतात. 'त्याचं नाव ठेवलं' म्हणजे बारसं. 'त्याला नावं ठेवली' म्हणजे निंदा. वचन आणि प्रत्यय बदलला की अर्थ पार दुसरीकडे जातो.

महेश मागे हटेना. "शब्द बदलतातच. संस्कृतात अपवाद म्हणजे निंदासुद्धा. मराठीत ती निंदा लोकापवादापुरती उरली, एरवी अपवाद म्हणजे नियमाबाहेरचं. मग खापर बदललं तर काय बिघडलं?"

"अपवादातून निंदा गेली तरी निंदेला पन्नास शब्द शिल्लक होते," मीनाक्षी म्हणाली. "खापरातली ढकलाढकल गेली तर ती सांगायला तुझ्याकडे दुसरा कुठला शब्द आहे?"

महेशनं थोडा वेळ शोधला. 'माथी मारणे' सुचलं, पण नको असलेली वस्तू किंवा काम गळ्यात टाकलं की आपण ते म्हणतो, चुकीसाठी नाही. मग त्यानं बातमीची पुढची ओळ वाचली. 'ठेकेदाराने पावसावर खापर फोडले.' "इथे तरी बरोबर?"

"पाऊस कारण नव्हता, हे बातमीदाराला पक्कं ठाऊक असेल तर. नसेल तर 'पावसाला दोष दिला' एवढंच लिहावं."