आता तिथे राहायला हरकत नाही म्हणे

आज एका मराठी घरी जेवायला गेले होते. विषय निघाला फ्लॅटचा. "रेडफर्नला बघतोय. आता तिथे राहायला हरकत नाही, ते लोक गेले ना!" घास घशाखाली उतरेना.

ते लोक? सिडनीत नवीन होते तेव्हा रेडफर्न स्टेशनच्या जिन्यात बाबागाडी घेऊन अडकले होते. ऑफिसवाले बाजूने सटासट निघून जात होते. एका अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या आदिवासी, आजींनी हातातली पिशवी खांद्याला अडकवली आणि पुढची चाकं उचलली. वर पोचल्यावर धापा टाकत पहिला प्रश्न, "बाळंतपणाला आई आली होती का गं?"

रेडफर्नची जमीन मुळात गडिगल या आदिवासी लोकांची. १८१७ मध्ये विल्यम रेडफर्न नावाच्या डॉक्टरला १०० एकर बहाल झाली, मूळ मालकांना विचारतो कोण! पुढे एव्हलीचे रेल्वे कारखाने आले, कामासाठी गावोगावची आदिवासी कुटुंबं आली. १९१७ चा मोठा संप याच कारखान्यांतून पेटला. परळमध्ये वाढलेल्यांना हे मी समजावायचं? कारखाना, संप, टाळं, मग टॉवर. आपल्या आजोबांच्या चाळीबद्दल कुणी असं बोललं असतं तर?

पोलिसांच्या जाचाला कंटाळून रेडफर्नच्या आदिवासींनी १९७० मध्ये स्वतःची मोफत कायदा सेवा उभी केली. १९७१ मध्ये स्वतःचा दवाखाना. दोन्ही देशात पहिली. १९७३ मध्ये सरकारी अनुदानातून 'द ब्लॉक' या रेडफर्नमधल्या वस्तीतली घरं घेतली. 'आम्हीच जमिनी हिरावल्या, मुलं आयांपासून तोडली', ही कबुली ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान कीटिंग यांनी १९९२ मध्ये दिली तीही रेडफर्न पार्कातच.

हो, ब्लॉकमध्ये हेरॉइन होतं, २००४ मध्ये दंगल झाली. मान्य. पण ती दंगल एका सतरा वर्षांच्या पोराच्या मृत्यूनंतर झाली, हे जेवणाच्या टेबलावर कुणी सांगत नाही. त्या आजींना जिना चढताना पाहिलं असतं ना, तर असं बोलायला जीभ रेटली नसती.

लिहिता लिहिता राग जरा निवळलाय. घ्या हो फ्लॅट. घरं सगळ्यांनाच हवीत, भाडी मीही भरते. पण ते गेले, हे कुणी सांगितलं? ब्लॉकच्या जागेवर २४ मजली विद्यार्थी वसतिगृह उभं राहिलं, तशीच शेजारी आदिवासी कुटुंबांसाठी ६२ घरंही झाली. दवाखाना टर्नर स्ट्रीटवर चालू आहे. साउथ सिडनी या इथल्या रग्बी क्लबला लीगमधून काढलं तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि २००२ मध्ये संघ परत आणला. राहायला जाल तेव्हा हीच माणसं तुमचे शेजारी असतील. आधी ओळख करून घ्या.