हेलिकॉप्टर पायलट आहात? मग युनियनच्या नादाला लागू नका!

परवाच्या निवडणूक प्रचारात नेत्यांना नेताना जे बघितलं त्यानंतर ठरवलं, नव्या पोरांना चार शहाणपणाचे सल्ले द्यायचेच.

पहिलं म्हणजे स्वतःला कामगार समजू नका. कामगार साखर कारखान्यात असतात, एसटीत असतात, आपण कॅप्टन. पायलट तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली 'वर्कमन' ठरतो असं दिल्ली हायकोर्ट म्हणालंय, म्हणू दे, त्यांच्या खांद्यावर चार पट्ट्या आहेत काय?

पगार एचआरच्या केबिनमध्ये दार लावून एकट्यानंच ठरवा.

युनियन नोंदवायच्या अर्जाला सात जण लागतात. मिसळीला जमतात तेवढे, तेवढ्यावरच थांबा.

आर्मी-नेव्हीतनं आलेल्या सिनियरांनी तर हा शब्दच ऐकू नये. तिथं कायद्यानं बंदी होती, इथं नाही, पण अंगवळणी पडलेलं कशाला मोडायचं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सभा लांबली की तोंड उघडू नका. कारखान्याच्या माळावर चुन्यानं हेलिपॅडचा एच काढलाय, अग्निशमनचा बंब उभा आहे, सूर्य खाली चाललाय, पन्हाळ्याच्या बाजूला सगळं धुरकट, आणि साहेबांचे शेवटचे दोन शब्द काय संपेनात. पीए येऊन म्हणतो, "कॅप्टन, आज पुणे गाठायचंच हां." तुम्ही सांगता की सर, सूर्यास्तानंतर व्हीएफआरमध्ये, म्हणजे नुसतं डोळ्यांनी बघून उडवत, जाता येत नाही, साहेबांना गाडीनं पाठवा. तो बाजूला जाऊन फोन लावतो आणि लगेच तुमच्या कंपनीचा फोन, "सर, तुम्हाला जमत नसेल तर उद्यापासून दुसरा कॅप्टन पाठवू का?" हे माझ्याच बाबतीत झालं. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर आपल्यातलाच एकजण हजर, वर मला मेसेज, 'टेक केअर ब्रो'. अरे कसलं टेक केअर! एकट्यानं नाही म्हटलं की फ्लाइट थांबत नाही, नुसती एक सीट रिकामी होते, आणि ती भरायला तुम्ही तयारच असता. केदारनाथच्या रूटवर हेलिकॉप्टर पडून ऑक्टोबर २०२२ मध्ये सात माणसं गेली, १५ जून २०२५ ला परत सात, दोन्हीत पायलट धरून. प्रत्येक वेळी लोक म्हणतात, अशा वेदरमध्ये जायलाच नको होतं. बरोबर आहे. पण 'जाणार नाही' म्हणणाऱ्याच्या मागं कोण उभं राहतं ते सांगा की.

संप अमेरिकेत करतात. मेक्सिकोच्या आखातात ऑइल रिगवर माणसं नेणारे पायलट २००६ साली गेले होते संपावर. तिकडचं तिकडं.

बास झालं, आता सरळच बोलतो. लाज वाटत नाही काय रे? याच कोल्हापुरात वकिलांनी हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि ऑगस्ट २०२५ ला बेंच आणूनच दाखवलं. नांदणी मठातनं अंबानींच्या वनताराला नेलेल्या माधुरी हत्तिणीसाठी लोक नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत चालत आले, जिओची सिमकार्डं बदलली. हत्तिणीसाठी! आणि तुम्हाला एका पत्रावर सही मागितली तर पोराची ॲडमिशन आहे, घराचं लोन आहे, नंतर बघू. लोन मला पण आहे. पत्रात पगारवाढ तरी मागितली होती काय? वेदर किंवा सूर्यास्तामुळं एकानं फ्लाइट नाकारली तर ती दुसऱ्या कुणी घ्यायची नाही, आणि नाकारणाऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट त्यावरून तोडायचं नाही, एवढंच. ग्रुपवर अंगठे ढिगानं पडले, सही एकाचीबी नाही. करायची नसेल तर नका करू, पण मग रात्री-अपरात्री फोन करून माझ्यापुढं कंपनीला शिव्या घालायचं बंद करा. मी उचलणार नाही.