कोपेकात उडून पडलेला माणूस

एका अनोळखी बाईंनी परवा मला भर रांगेत कंजूष म्हटलं. सरळ म्हटलं असतं तर गिळून टाकलं असतं. त्यांनी ते बेडकामार्फत म्हटलं, आणि तो बेडूक अजून माझ्या छातीवरून उठलेला नाही.

प्रसंग एवढासाच. मॉस्कोतलं किराणा दुकान आणि चारशे ग्रॅम चीज. इथल्या मोठ्या दुकानांत किमतीच्या पट्टीवर बऱ्याचदा दोन आकडे असतात. ठसठशीत छापलेला आकडा दुकानाचं कार्ड बाळगणाऱ्यांसाठी असतो. उरलेल्या मानवजातीचा आकडा कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात. मी मोठा वाचला, 279.99 रुबल. कॅशियरच्या पडद्यावर लहान उमटला, 389.99. "कार्ड आहे?" नाही. "पिशवी हवी?" नाही. जन्म आणि मृत्यू चुकतील, हे दोन प्रश्न चुकत नाहीत.

गुपचूप पैसे देऊन निघायचं. पण रशियन भाषेवर पोट भरणाऱ्याला वाक्प्रचार वापरायची खुमखुमी असते. 'व्लितेत फ कपेयच्कू' म्हणजे शब्दशः 'उडून इवल्याशा कोपेकात शिरणे' (कोपेक म्हणजे रुबलचा शंभरावा हिस्सा). शब्दकोशात त्यापुढे बरोबरचं चिन्ह आणि इंग्रजी 'कॉस्ट अ प्रिटी पेनी'. बक्कळ महाग पडणे. मी एक कसलेला उसासा टाकून म्हणालो, "या व्लितेल फ कपेयच्कू!"

मागून आवाज आला, "पंख कुठे आहेत?"

वळलो. डोक्यावर लोकरी टोपी, हाताशी चाकांची पिशवी, टोपलीत केफिरची (आंबवलेल्या दुधाची) बाटली, अर्धा बोरोदिन्स्की पाव (हा काळा पाव इथे अर्धाही मिळतो) आणि बकव्हीटची एक पुडी. वय सत्तरीपलीकडचं. नजर मात्र वहीत लाल शाई शोधणारी.

"कुणाचे पंख?"

"तुमचे, तरुण माणसा." इथे अनोळखी पुरुषाला अशीच हाक मारतात, मग तो टकला का असेना. त्यात कौतुक शोधू नये. "तुम्ही आत्ता म्हणालात, मी उडून कोपेकात शिरलो. मला तर तुम्ही इथेच दिसताय. चांगले ऐंशी किलोंचे."

चूक माझी होती, आणि तीच जास्त झोंबते. या वाक्प्रचारात उडते ती वस्तू. माणूस चतुर्थी विभक्तीत गुमान उभा राहतो. 'सिर व्लितेल म्न्ये फ कपेयच्कू', चीज मला कोपेकात उडालं. आपण म्हणतो 'चीज मला महागात पडलं', बांधणी तीच. आपल्याकडे खर्च पडतो, त्यांच्याकडे उडतो, आणि भरणारा दोन्हीकडे 'मला'. मराठीतून विचार केला असता तर चुकलोच नसतो. पण शब्दकोश इंग्रजी, आणि बरोबरच्या चिन्हात विभक्ती मावत नाही. वर माणसाला कर्ता करून नुसतं 'व्लितेल' म्हटलं, तर बोलीभाषेत अर्थ होतो 'गोत्यात आलो'. म्हणजे मी एका कोपेकात गोत्यात आल्याचं जाहीर केलं होतं, तेही उसासा टाकून.

मी वाक्य दुरुस्त करून म्हटलं. बाईंचं समाधान झालं नाही.

"आणि चीजला ते म्हणत नाहीत. गावाकडच्या घराचं छप्पर बदललंत?"

"नाही."

"मुलीचं लग्न?"

"मुलगी नाही मला."

"दात बसवलेत?"

"नाही हो."

"मग कसला कोपेक?" असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि वरच्या रांगेतले उजवीकडचे चार दात बोटाने एकेक करून दाखवले. "हा बघा कोपेक. हा, हा आणि हा. तीनशे नव्वद रुबलच्या चीजला तुम्ही कोपेक म्हणणार, तर मी यांना काय म्हणू?"

कॅशियरबाईही वाकून दात बघत होत्या. माझ्या चीजवरचा हात त्यांनी काढला नव्हता.

मुद्दा बिनतोड होता, हे घरी आल्यावर कळलं. सगळ्यात लहान नाणं, त्यालाही लाडाचा प्रत्यय, आणि अर्थ भलीमोठी रक्कम. विनोद उलट्या मापाचा आहे, म्हणून रक्कमही खरंच मोठी हवी. इंग्रजी 'प्रिटी'चंही तेच. बाकी कोपेक जन्मतः क्षुल्लक नव्हता. 1535 साली पुढे झार झालेल्या चौथ्या इव्हानच्या आईने, येलेना ग्लीन्स्कायाने, नाणी सुधारली तेव्हा तो चांदीचा होता. त्यावरच्या घोडेस्वाराच्या हातात भाला, रशियनमध्ये 'कप्यो', त्यावरून कोपेक, असं सांगतात. तांब्याचा कोपेक आणि शंभर कोपेकांचा रुबल ही झार पीटरची 1704 सालची व्यवस्था. आज 1 आणि 5 कोपेकची नाणी पाडणंही बंद झालंय. किमतीच्या शेवटी 99 कोपेक मात्र ऐटीत उभे असतात. नाणं गेलं, शेपूट राहिलं.

एव्हाना मी सटकलो असतो. पण मार्च 2022पासून परदेशात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड इथे चालत नाहीत. म्हणून खिशात रोकड, आणि रोकड म्हणजे बदलून आणलेल्या पाच-पाच हजारांच्या नोटा. तशी एक पुढे केली. कॅशियरबाईंनी ती उजेडात धरली, मला उजेडात धरलं आणि विचारलं, "सुटे?" सुटे नव्हते. त्या शेजारच्या काउंटरवर गेल्या. मी आणि बाई, मध्ये चीज.

"ओहो," बाई नोटेच्या दिशेने म्हणाल्या, "सरीत दिनगामी!"

'सरीत' म्हणजे कचरा करणे. पैशांचा कचरा करत चालणे. याला शब्दकोशात 'थ्रो मनी अराउंड'. शेजारीच 'ब्रसात देन्गी ना वेतेर', पैसे वाऱ्यावर फेकणे, म्हणजे 'थ्रो मनी अवे'. इंग्रजीत 'अराउंड' आणि 'अवे' एवढाच फरक, म्हणून शिकणारे हमखास गल्लत करतात. रशियनमध्ये ते दोन वेगळे स्वभाव आहेत. कचरा करणारा माणूस चारचौघांत करतो, लोकांनी बघावं म्हणून. तो दौलतजादा करतोय. वाऱ्यावर फेकणारा बिचारा एकट्यानेच फसलेला असतो, घरी धूळ खाणारी व्यायामाची सायकल घेऊन बसलेल्यासारखा. व्याकरणही निराळं, पहिल्यात पैसा तृतीयेत, पैशाने कचरा करतात, दुसऱ्यात द्वितीयेत. दोघांच्या मध्ये 'त्रन्झीरित', म्हणजे आपली घरगुती उधळपट्टी, जिच्यावर आई ओरडते.

"मी कचरा करत नाहीये," मी म्हटलं, "दुसरी नोटच नाही माझ्याकडे."

"दुसरी नोटच नाही," बाई मागच्या रांगेला म्हणाल्या. रांगेत सहा जण होते. सहाही जणांनी माझ्याकडे पाहिलं.

मग मी ती चूक केली. म्हटलं, जाऊ दे, चीज परत ठेवतो.

बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या. "झाबा दूशित?" त्यांनी हळूच विचारलं. आजाऱ्याला विचारतात तसं.

'झाबा' म्हणजे बेडूक. डबक्यातला सडपातळ नव्हे, त्याला 'लिगूश्का' म्हणतात. हा जमिनीवरचा, जाडा, अंगावर फोड असलेला. आणि तो गळा दाबतो. पैसे आहेत, वस्तूही हवीय, पण हात खिशात जाईना, अशा वेळी रशियन माणूस म्हणतो, मला बेडूक गुदमरवतोय. कर्ता बेडूक, माणूस द्वितीयेत, म्हणजे दोष त्याचा नाहीच. इंग्रजीत याला जोडीदार नाही. शब्दकोश 'टू स्टिंजी टू' वगैरे लिहून मोकळे होतात, आणि तिथे बेडूक मरतो. स्वतःबद्दल म्हटलं तर हा वाक्प्रचार गोड आहे, चार मित्रांत हशा पिकतो. अनोळखी माणसाला म्हटलं की निदान होतं. अक्षरशः निदान, कारण जुन्या रशियन वैद्यकात 'ग्रुद्नाया झाबा', छातीतला बेडूक, म्हणजे अंजायना, हृदयविकारातलं छातीचं दुखणं. आपल्याकडे खर्च करणं 'जिवावर येतं', ते यापेक्षा वेगळं काय? बेडूक जाऊ दे, दुखण्याची जागा तर तीच.

"बेडूक नाही," मी म्हणालो. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

"पहिल्यांदा सगळे तत्त्वच म्हणतात," बाई म्हणाल्या.

या भाषेत पैशाच्या आसपास जनावरं फार. पैसे अगदीच थोडे असले की 'कोत नप्लाकल', मांजर रडून जेवढं पाणी निघेल तेवढे. वाया गेले की 'कतू पद ख्वोस्त', मांजराच्याच शेपटीखाली. म्हणजे पुढून निघतात ते मांजराच्या डोळ्यांतून आणि जातात ते मागून. झटकन नाहीसे झाले की गायीने जिभेने चाटून नेले. आपल्या खिशाला चाट बसते, त्यांच्या गोठ्यात चाटणारीचा पत्ताही माहीत असतो. अमाप असले की कोंबड्या टोचत नाहीत, इतक्या त्या अघळपघळ धाल्यात. आणि दमडीही नसली तर एका खिशात दोराने बांधलेली ऊ, दुसऱ्यात साखळीला पिसू. इंग्रजांचा पैसा नुसता ड्रेनमध्ये जातो. आपला पाण्यात. ओलं दोघांचंही, पण मांजर नाही.

आता जरा रागावतो. आम्ही बहुतेक जण रशियन शिकलो ते इंग्रजीच्या पुलावरून, आणि त्या पुलावर दर वेळी टोल भरला. 'पा अद्योश्के प्रत्यागिवाय नोझ्की', पांघरूण पुरेल तेवढेच पाय लांब कर. इंग्रजी कोशात याला शिंप्याकडे पाठवतात, कापडाप्रमाणे कोट बेत. अहो, आमच्याकडे अंथरूण आहे, पायसुद्धा आहेत! 'ज़ा मोरेम तिलूश्का पलूश्का, दा रुब्ल पिरिवोज़', समुद्रापार कालवड पाव कोपेकला, पण आणायचं भाडं एक रुबल. याला इंग्रजीत तळटीप लागते. मराठीत चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला एवढं पुरतं. फरक इतकाच की त्यांचा खर्च वाटेत होतो, आपला चुलीवर. 'रस्कशेलित्सा', थैली उसवून पैसे काढणे, याला इंग्रजी म्हणतो 'शेल आउट', म्हणजे शेंगा सोला. आपण थैलीचं तोंड मोकळं करतोच की.

'प्रो' हा उपसर्ग तर इंग्रजीतून कुणी धड शिकवतच नाही. तो लावला की पैसे कुठे गेले ते क्रियापदच सांगतं. 'प्रपीत', पिण्यात घालवले. 'प्राएस्त', खाण्यात. 'प्रइग्रात', जुगारात. 'प्रकुतीत', मौजमजेत. 'प्रायेज़्दित', टॅक्सी-गाडीत. जमाखर्चाची अख्खी वही एका अक्षरात. उलट 'रास' लावून 'रस्त्रातित' म्हणालात तर सांभाळून. त्यात अफरातफरही येते, आणि 'रस्त्राता' म्हणजे तर सरळ अपहार. 'मी कार्यालयाचे पैसे खर्च केले' एवढंच सांगायचं असेल तर 'पत्रातित' म्हणावं. 'रास'ने हिशेबनीस उठून उभा राहतो.

तर, कॅशियरबाई सुटे घेऊन परतल्या. बाईंनी माझ्या हातातलं चीज काढून घेतलं, यंत्रापाशी ठेवलं, पर्समधून दुकानाचं कार्ड काढलं आणि टेकवलं. 389.99चे 279.99 झाले. एकशे दहा रुबल वाचले. मला भरून आलं. मी आभार मानतोय तोवर यंत्राने 'टिंग' केलं आणि बाईंच्या खात्यात बोनस जमा झाला. माझ्या चीजवर. "कोपेक रुबल राखतो," बाई म्हणाल्या. इंग्रजीत 'टेक केअर ऑफ द पेन्स', आणि पौंड आपली काळजी आपण घेतात. ज्यांचे पौंड आपली काळजी आपण घेतात त्यांना अशा बाई भेटत नसाव्यात. माझा रुबल कुणी राखला, माझा कोपेक कुणाकडे गेला, हा हिशेब मी त्या क्षणी केला, आणि तेवढ्यात त्यांनी मला पाठीवर थोपटलं.

पाच हजारांतून 279.99 वजा. कॅशियरबाईंनी मोजले चार हजार सातशे वीस. बरोबर होतं. वर एक कोपेक राहत होता, जो त्यांच्या गल्ल्यात नव्हता, कुणाच्याच गल्ल्यात नव्हता. मी नोटा उचलल्या. अर्धा सेकंद, फार तर पाऊण, हात काउंटरवर तसाच राहिला.

मागून आवाज आला, "झाबा?"